दोन हात रंगाचे
गृहरंगकामाची परिभाषा, साधने आणि व्यवहार

नवरात्र आटोपले की घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो, "यंदा घराला रंग द्यायचा का?" दिवाळी तोंडावर आलेली असते. वहीपूजनापूर्वी पेढी उजळावी, गादीच्या मागची भिंत स्वच्छ दिसावी, असे प्रत्येक व्यापाऱ्याला वाटते. घरात कार्य असेल तर मग विचारायलाच नको. रंगाऱ्याला निरोप जातो, तो येतो, भिंतींवरून नजर फिरवतो, एक आकडा सांगतो, आपण त्यातून थोडे कमी करतो आणि काम सुरू होते.

आपण व्यापारी माणसे. कापडाचा पोत बोटांना कळतो, धान्याचा ओलावा मुठीत कळतो, गुळाच्या ढेपेचा रंग पाहून तिची प्रत सांगता येते. परंतु ज्या कामावर घरटी लाखभर रुपये सहज खर्च होतात, त्या रंगकामाची भाषा आपल्याला अवगत नसते. "चांगला रंग द्या, दोन हात मारा," एवढे सांगून आपण मोकळे होतो. या दोन शब्दांत किती गोष्टी अध्याहृत राहतात, हे मला स्वानुभवाने कळले. तो अनुभव फारसा भूषणावह नाही. तरीही तो सांगितल्यावाचून पुढील माहितीला अर्थ येणार नाही.

मुलीचे लग्न माघात ठरले होते. दिवाळी होताच घर रंगवून घ्यावे असे आम्ही ठरविले. गावातील एक वयस्क रंगारी आमच्या वडिलांच्या वेळेपासून घरी येत असत. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. काम उक्ते ठरले. बैठकीच्या खोलीतील पूर्वेकडच्या भिंतीवर तळहात ठेवून काका म्हणाले, "शेठ, या भिंतीत ओल आहे. पाणी कुठून येतंय ते आधी बघा. वरून कितीही भारी रंग लावला तरी टिकायचा नाही." मला पत्रिका छापायच्या होत्या, आचारी ठरवायचा होता. मी म्हणालो, "काका, आत्ता वेळ नाही. तुम्ही रंग लावा, पुढचं पुढे पाहू."

लग्न थाटात पार पडले. पावसाळा आला आणि श्रावण संपण्यापूर्वीच त्या भिंतीचे पोपडे गळू लागले. हिशेबातील आठ हजार रुपये द्यायचे राहिले होते. ते मी अडवून धरले. "दोन हात ठरले होते, तुम्ही पुट्टी नीट भरली नाही," असे काकांना चारचौघांत बोललो. ते शांतपणे म्हणाले, "पुट्टी म्हणजे तुम्ही काय समजलात आणि मी काय समजलो, ते आधी बघायला हवं होतं, शेठ," आणि निघून गेले. त्या वाक्याचा अर्थ उमगायला मला पुढे काही महिने लागले. प्रस्तुत लेख हा त्या शोधाचे फलित आहे.

सुधा, सौध आणि सफेदा

भिंत रंगविण्याची कला आपल्या देशात अतिशय जुनी आहे. संस्कृतात चुन्याला 'सुधा' म्हणतात. सुधेचा लेप दिलेले ते 'सौध', म्हणजे प्रासाद. राजवाड्याला मिळालेले हे नाव त्याच्या भिंतीवरील चुन्यावरून आले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या पदार्थाचा मान कळतो. वेरूळच्या जैन लेण्यांपैकी इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावर छताला रंगचित्रांचे अवशेष आजही दिसतात. दगडावर आधी लेप, मग त्यावर रंग, हा क्रम तेथेही आहे. पृष्ठभाग तयार केल्यावाचून रंग नाही, हे तत्त्व तेव्हापासून आजपर्यंत बदललेले नाही.

आपल्या आजोबांच्या काळी घराचा रंग म्हणजे चुना. भट्टीतून आलेली चुनकळी पाण्यात टाकली की ती खदखदते, वाफा निघतात, पाणी उकळू लागते. यालाच चुना विरवणे म्हणतात. विरवलेला चुना कापडातून गाळून घेत, त्यात भिंतीला धरून राहण्यासाठी डिंक किंवा सरस मिसळत आणि पिवळटपणा मारण्यासाठी चिमूटभर नीळ घालत. मग गवताच्या किंवा काथ्याच्या कुंचल्याने एक हात आडवा, एक हात उभा. ओला असताना चुना फिका दिसतो. वाळताना तो हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून घेतो, पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि पांढरा उजळतो. चुना क्षारधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही. दरवर्षी चुना देण्याची जुनी प्रथा सौंदर्याइतकीच आरोग्याचीही होती.

चुन्याच्या जोडीला गेरू आणि काव. कोकणात आणि गोव्यात पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो कोरून नक्षी काढीत. ही कला आजही 'कावी' या नावाने ओळखली जाते. 'सफेदा' हा शब्द शिशापासून किंवा जस्तापासून केलेल्या पांढऱ्या रंगद्रव्यासाठी, तर 'शेंदूर' हा शिशाच्या तांबड्या ऑक्साइडसाठी. लोखंड गंजू नये म्हणून देण्याच्या पहिल्या थरात हाच शेंदूर वापरला जाई. या दोन शब्दांकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

विसाव्या शतकात डब्यातला रंग आला. १९०२ मध्ये हावड्यात शालिमार कंपनीचा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात आयात खुंटली असताना १९४२ साली मुंबईच्या गिरगावातील गायवाडीत चंपकलाल चोकसी, चिमणलाल चोकसी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील या चार मित्रांनी एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्सचा आरंभ केला. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी हातात ब्रश आणि डबा घेतलेला खट्याळ 'गट्टू' रेखाटला आणि तो घरोघरी पोहोचला. रंगाच्या धंद्यातील ही वाटचाल आपल्या व्यापारी वाचकांना परिचित असेलच.

रंग म्हणजे नेमके काय?

कोणत्याही रंगात मुख्यतः तीन घटक असतात. पहिला रंगद्रव्य, म्हणजे प्रत्यक्ष रंगाची बारीक भुकटी. दुसरा बंधक, म्हणजे ती भुकटी एकमेकींना आणि भिंतीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. तिसरा द्रव, म्हणजे लावताना पातळपणा देणारे आणि नंतर उडून जाणारे पाणी किंवा टर्पेंटाइन. रंगाची किंमत पुष्कळ अंशी बंधकावर ठरते. बंधक कमी आणि खडूची भुकटी जास्त असेल तर रंग स्वस्त पडतो, पण भिंतीला पाठ टेकली की सदऱ्यावर उतरतो.

या दृष्टीने पाहिले की बाजारातील नावे समजू लागतात. डिस्टेंपर हा खडूप्रधान रंग. स्वस्त, परंतु वारंवार पुसणे न सोसणारा. ऑइल बाउंड डिस्टेंपर त्याहून बरा. इमल्शन, ज्याला अनेक रंगारी 'प्लास्टिक पेंट' म्हणतात, तो ॲक्रिलिकसारख्या कृत्रिम बंधकाचा, पाण्यात मिसळणारा आणि ओल्या फडक्याने पुसता येणारा. सिंथेटिक इनॅमल म्हणजे आपला 'ऑइल पेंट'. तो दारे, खिडक्या आणि लोखंडी गजांसाठी. बाहेरच्या भिंतींचे इमल्शन वेगळे असते, कारण त्याला ऊन आणि पाऊस सोसायचे असतात. आतला रंग बाहेर लावणे ही काटकसर एका पावसाळ्यात महाग पडते.

चमकेचेही प्रकार आहेत. मॅट म्हणजे बिनचमकीचा. तो भिंतीचे उंचसखल झाकतो. सॅटिन म्हणजे मंद झळाळीचा. ग्लॉस म्हणजे चकचकीत. तो पुसायला सोपा, परंतु भिंतीतील प्रत्येक उणीव उघडी पाडतो. भिंत सरळ नसेल तर भारी चमकदार रंगाचा आग्रह धरू नये.

भिंतीची दुखणी

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. चांगला रंगारीही आधी भिंत पाहतो. त्याच्या तोंडी येणारे काही शब्द असे.

ओल : भिंतीत मुरलेले पाणी. ते गच्चीतून, फुटक्या नळातून, न्हाणीघराच्या फरशीतून किंवा जमिनीतून वर चढते. शंका असल्यास दोन फूट लांबीरुंदीचा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावा. एका दिवसाने कागदाच्या आतील बाजूस दव जमलेले दिसले तर भिंतीत पाणी आहे, असे समजावे.

लोणा : ओलीबरोबर विटांतील आणि सिमेंटमधील क्षार बाहेर येऊन पांढऱ्या बुरबुऱ्या थराने भिंतीवर दिसतात. लोणा लागलेल्या भागावर रंग धरत नाही. तो कोरडा असतानाच झाडून काढावा आणि पाण्याचे मूळ बंद करावे.

पोपडे आणि पापुद्रे : गिलावा फुगून सुटतो ते पोपडे, नुसता रंगाचा थर सुटतो ते पापुद्रे. पापुद्र्यांना खरवडून पुन्हा तयारी करणे पुरते. पोपड्यांना गिलावाच काढावा लागतो.

भेगा : केसासारख्या बारीक भेगा पुट्टीने बुजतात. रुंद होत जाणारी किंवा कोपऱ्यातून तिरपी धावणारी भेग मात्र रंगाऱ्याने बुजवू नये. ती बांधकामाच्या जाणकाराला दाखवावी.

नवा गिलावा हेही एका अर्थी दुखणेच. त्यात पाणी आणि क्षार भरपूर असतात. निदान चार आठवडे तो वाळू द्यावा. गृहप्रवेशाचा मुहूर्त जवळ आला म्हणून ओल्या गिलाव्यावर रंग दिला की डाग उठतात आणि दोष मात्र रंगाच्या डब्याला लागतो.

थरांची भाषा

आमच्या वादाचे मूळ याच परिभाषेत होते. 'हात' म्हणजे एक संपूर्ण थर. 'दोन हात' म्हणजे अंतिम रंगाचे दोन थर. त्यात पुट्टी किंवा प्रायमर धरलेला नसतो. मी 'दोन हात' म्हणजे सारे काही आले असे समजत होतो.

पहिली पायरी खरवडणे. सुटा झालेला जुना रंग पत्र्याने किंवा स्क्रेपरने काढायचा आणि धूळ पुसायची.

दुसरी पायरी भराई. येथे 'लांबी' हा जुना शब्द येतो. खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून केलेला हा लगदा. लाकडातील खाचा, खिळ्यांची भोके आणि काचेच्या कडा लांबीने बुजवीत. आता भिंतींसाठी पांढऱ्या सिमेंटची किंवा ॲक्रिलिक पुट्टी वापरतात. सिमेंटची पुट्टी लावण्यापूर्वी भिंत किंचित ओलसर करावी लागते, आणि कालवलेली पुट्टी काही तासांतच वापरून संपवावी लागते. पुट्टीचे काम दोन प्रकारचे असते. एक टच-अप, म्हणजे फक्त खड्डे आणि भेगा भरणे. दुसरे पूर्ण पुट्टी, म्हणजे साऱ्या भिंतीवर दोन थर देऊन ती सपाट करणे. खर्चात आणि श्रमांत दोहोंचे अंतर फार मोठे आहे. मी पूर्ण पुट्टी गृहीत धरली होती. काकांनी सांगितलेल्या रकमेत टच-अप बसत होते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होतो, आणि तरीही भांडण झाले.

तिसरी पायरी घासणे. पुट्टी वाळल्यावर पॉलिश पेपरने भिंत घासतात. पेपरचा आकडा जितका मोठा, तितका तो बारीक. ८० नंबर खरखरीत, १२० ते १८० भिंतीसाठी नेहमीचा, ३२० लाकडाच्या शेवटच्या हातासाठी. घासून झाल्यावर जाणते रंगारी दिवा भिंतीलगत धरून तिरप्या प्रकाशात पाहतात. समोरून न दिसणारे चढउतार त्या प्रकाशात सावल्यांसारखे उमटतात. मालकानेही रंगाचा पहिला हात लागण्यापूर्वी टॉर्चने ही परीक्षा करावी.

चौथी पायरी प्रायमर. हा पुट्टी आणि रंग यांमधील दुवा. तो भिंतीची शोषण्याची भूक शमवितो आणि रंगाला पकड देतो. लाकडाचा प्रायमर वेगळा, लोखंडाचा रेड ऑक्साइड वेगळा. प्रायमर टाळला तर भिंत रंगातील बंधक शोषून घेते, रंग जागोजागी फिका पडतो आणि खपतोही अधिक.

त्यानंतर अंतिम रंगाचे दोन हात. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. डब्यावर पाणी किती घालावे ते लिहिलेले असते. त्याहून अधिक पाणी घातले की रंग पुरतो खरा, पण झाकत नाही.

हत्यारे

रंगाऱ्याची पेटी साधी दिसते. प्रत्येक वस्तूला मात्र तिचे स्वतंत्र काम आहे.

पत्रा : पुट्टी ओढण्याची पातळ, लवचीक पोलादी पट्टी. छोटा पत्रा खाचांसाठी, रुंद पत्रा सपाटीसाठी. त्याची कड वाकडी झाली की भिंतीवर रेघा उठतात.

ब्रश : मूठ, केस आणि दोहोंना धरणारी धातूची पट्टी, असे त्याचे तीन भाग. चार-पाच इंची भिंतीसाठी, दोन-तीन इंची दारांसाठी, एक इंची कडांसाठी. छत आणि भिंत जेथे मिळतात तेथे, तसेच चौकटीभोवती आधी ब्रशने पट्टा काढून घेतात. यास 'कटिंग' म्हणतात. कटिंग सरळ आली की हात बसलेला आहे, हे ओळखावे.

रोलर : मोठ्या पृष्ठभागासाठी. आखूड लवेचा गुळगुळीत भिंतीला, लांब लवेचा खडबडीत भिंतीला. रोलरने भिंतीचा एक भाग सुरू केला की ओल्या कडेला ओली कड जुळवीत तो एका दमात संपवावा; मध्येच थांबल्यास सांध्याचा डाग राहतो.

ओळंबा आणि दोरी : दोन रंगांमधली सीमारेषा डोळ्यांनी न आखता ओळंबा सोडून आणि खडू लावलेली दोरी ताणून, झटका देऊन उमटवितात. अलीकडे तिच्या जोडीला मास्किंग टेप असते. रंग पूर्ण वाळण्यापूर्वी ती हलकेच ओढून काढावी, म्हणजे कड फाटत नाही.

घोडा, परांची, झुला : घोडा म्हणजे दुहेरी घडीची शिडी. परांची म्हणजे बांबूंचा मचाण. झुला म्हणजे उंच इमारतीच्या बाहेर दोरांवर सोडलेली फळी. झुल्यावर काम असेल तर माणसाच्या कमरेचा सुरक्षा-पट्टा झुल्याला न बांधता स्वतंत्र दोराला बांधलेला आहे ना, हे मालकाने स्वतः पाहावे. दोन दिवस अधिक लागले तरी चालतील. वरून पडलेल्या माणसाची भरपाई कोणत्याही खात्यात बसत नाही.

साधनांची अहिंसक निवड

आपल्या वाचकांच्या दृष्टीने एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. पारंपरिक ब्रशाचे केस डुकराचे असतात. काही जुन्या पद्धतीचे रोलर मेंढीच्या कातड्याचे असतात. चुन्यात घालावयाचा सरस प्राण्यांच्या कातड्यांपासून आणि हाडांपासून उकळून काढतात. लाकडाचे जुने पॉलिश लाखेचे. ही लाख पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा स्राव होय, आणि ती काढताना असंख्य किड्यांचा नाश होतो.

या प्रत्येकाला आज पर्याय उपलब्ध आहे. नायलॉन आणि पॉलिस्टरच्या केसांचे ब्रश दुकानात मिळतात. पाण्याच्या रंगासाठी तेच अधिक योग्यही ठरतात, कारण नैसर्गिक केस पाणी पिऊन ढिले पडतात आणि कृत्रिम केस ताठ राहतात. रोलर मायक्रोफायबरचे घ्यावेत. चुना द्यायचाच असेल तर सरसाऐवजी डिंक वापरावा. लाकडाला लाखेऐवजी पॉलियुरेथेन किंवा मेलामाइनचे पॉलिश करता येते. काम ठरवितानाच हे सांगावे. रंगारी आपल्या नेहमीच्या हत्यारांनिशी येतो. तो मुद्दाम दुखावण्यासाठी काही करीत नाही. आपण आधी सांगितले आणि ब्रश स्वतः आणून दिले, तर तो आनंदाने तेच वापरतो.

लेकरांच्या आरोग्यासाठी

सफेदा आणि शेंदूर यांचा उल्लेख वर आला. दोहोंमधील शिसे हे विष आहे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिशाची संयुगे सर्रास असत. भारत सरकारने २०१६ मध्ये नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असे बंधन घातले. नवा रंग घेताना डब्यावर तसा उल्लेख आहे का, ते पाहावे.

खरा धोका मात्र जुन्या दारा-खिडक्यांवर थरावर थर चढलेल्या रंगाचा आहे. तो कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर पसरते. रांगणारी मुले जमिनीवरचा हात तोंडात घालतात, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशापासून होणारी हानी भरून येत नाही. म्हणून जुना ऑइल पेंट पाण्याने ओला करूनच घासावा, खाली प्लास्टिक अंथरावे, काम झाल्यावर फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. गरोदर स्त्रिया आणि मुले यांना त्या दिवसांत दुसऱ्या घरी ठेवावे. रंगाऱ्यालाही तोंडावर चांगला मास्क द्यावा. आपल्याकडचे काम आठवड्याचे. त्याची छाती ती धूळ वर्षभर ओढत असते.

हिशेबाची भाषा

मजुरी ठरविण्याच्या तीन पद्धती आहेत. 'रोजावर' म्हणजे दिवसाच्या हिशेबाने. 'उक्ते' म्हणजे संपूर्ण कामाची एकच रक्कम. 'मापाने' म्हणजे चौरस फुटांवर किंवा ब्रासवर. एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. यांपैकी प्रत्येक पद्धत 'मजुरीवर', म्हणजे माल आपला, किंवा 'मालासकट' अशी असू शकते.

मापाचे उदाहरण घेऊ. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, १० फूट उंच. चार भिंतींचा घेर ४४ फूट. गुणिले उंची १०, म्हणजे ४४० चौरस फूट. छत १२०. एकूण ५६० चौरस फूट, अर्थात ५.६ ब्रास. सात बाय तीनचे दार २१ आणि चार बाय चारची खिडकी १६, असे ३७ चौरस फूट वजा केले तर उरतात ५२३. ही वजावट करायची की नाही, ते आधीच ठरवावे. पुष्कळ रंगारी ती करीत नाहीत, कारण चौकटीभोवतीच्या कटिंगला वेळ अधिक लागतो. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. ते आधी बोललेले मात्र असावे.

माल स्वतः आणताना एकाच बॅचचे डबे घ्यावेत. यंत्रावर मिसळून घेतलेल्या छटेचा संकेतांक आणि बेसचे नाव जपून ठेवावे. पुढे एखादी भिंत पुन्हा रंगवायची झाली तर तोच कागद उपयोगी पडतो. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. कंपन्या काही डब्यांत रंगाऱ्यासाठी बक्षिसाचे टोकन ठेवतात. त्यामुळे एखादा रंगारी विशिष्ट मालाचाच आग्रह धरू शकतो. हे ठाऊक असावे, पण त्यावरून त्याला अप्रामाणिक ठरवू नये. दलाली हा शब्द आपल्या धंद्यालाही अपरिचित नाही.

काम देण्यापूर्वी एका कागदावर पुढील गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात : ओल कोठे आहे आणि ती कोण दुरुस्त करणार, पुट्टी टच-अप की पूर्ण, प्रायमर कोणता, अंतिम रंगाचे नाव आणि किती हात, दारे, खिडक्या, गज धरलेले आहेत की नाहीत, सामान हलविणे आणि साफसफाई कोणाकडे, माप वजावटीसह की त्याविना, आणि पैसे किती टप्प्यांत. हा कागद अविश्वासाचा नाही. आपण जसे मालाच्या नगाबरोबर बिल देतो, तसाच हा.

भिंत वाळली का?

त्या वर्षी दिवाळीनंतर नळकाम करणाऱ्याने न्हाणीघराची फरशी उकरली. त्या भिंतीतूनच जाणारा एक जुना नळ सांध्याशी पाझरत होता. काकांनी तळहात ठेवून जे सांगितले होते, तेच बरोबर निघाले.

आठ हजार रुपये पाकिटात घालून मी त्यांच्या घरी गेलो. चारचौघांत बोललो होतो, म्हणून त्यांच्या मुलांसमोर आणि शेजाऱ्यांसमोर म्हणालो, "काका, चूक माझी होती. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि तुमचे पैसे अडवायचा मला अधिकार नव्हता." त्यांनी पाकीट न उघडता बाजूला ठेवले आणि विचारले, "नळ बदलला? भिंत वाळली का पूर्ण?"

"महिना झाला."

"अजून महिनाभर राहू द्या. मग येतो."

ते आले. या वेळी आम्ही दोघांनी बसून कागद लिहिला. पोपडे आलेला गिलावा काढून नवा केला, तो वाळू दिला, पूर्ण पुट्टी, प्रायमर आणि अंतिम रंगाचे दोन हात. मजुरी त्यांनी सांगितली ती मी दिली. त्या भिंतीवरून चार पावसाळे गेले आहेत. तिच्यासमोर बसून वही लिहिताना अधूनमधून मी सहज तळहात टेकवून पाहतो. भिंत कोरडी आहे.